चिखलीच्या बोयाची दिशा

"काय करता तुम्ही?" असं कुणी विचारलं की मी सांगायची, "समुद्राचं काम करते." पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. "मग मुंबईला असता का?" मी म्हणायची, "नाही, चिखलीत." यावर समोरचा माणूस एकतर गप्प बसायचा, नाहीतर माझ्याकडे जरा काळजीने बघायचा. माझ्या विहीणबाईंनी तर लेकीच्या लग्नाच्या बोलण्यांतच विचारलं होतं, "चिखलीत समुद्र कधी आला?" मी म्हटलं, "आला नाही, आम्हीच इथून त्याच्यावर लक्ष ठेवतो." स्थळ मोडलं नाही, हे त्यांचे उपकार.

माझे वडील आकुर्डीला दुचाकीच्या कारखान्यात असेंब्लीला होते. आमच्या वस्तीतली बहुतेक घरं तशीच, शिफ्टच्या भोंग्यावर चालणारी. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केला आणि चिखलीच्या एका लहान कंपनीत तपासणी विभागात लागले. कंपनी म्हणजे एक मोठी पत्र्याची शेड. डावीकडे भंगारवाला, उजवीकडे सायलेन्सरचे नळ वाकवणारा. चाकणच्या गाड्यांच्या कंपन्यांना आम्ही दाबमापक पुरवत होतो. एके दिवशी मालक कुठल्याशा प्रदर्शनाहून आले आणि म्हणाले, "मॅडम, आपण बोया बनवायचा." मला वाटलं, हे काहीतरी खायचं असेल.

बोया म्हणजे समुद्रात नांगर टाकून तरंगत ठेवलेला पिवळा गोळा. आमची पोरं त्याला भोपळा म्हणायची. तो लाटेबरोबर वर जातो, खाली येतो, कलतो. वर-खाली किती झाला यावरून लाटेची उंची कळते. कुठल्या बाजूने कलला यावरून लाट कुठून आली ते कळतं, आणि ती बाजू ओळखायला त्याच्या पोटात एक छोटं होकायंत्र असतं. हे सगळं तो उपग्रहामार्फत किनाऱ्यावरच्या केंद्राला सतत कळवत राहतो. केंद्रातली माणसं पुढच्या दिवसांचा अंदाज बांधतात आणि बंदरांना सूचना धाडतात, की आज जा, आज जाऊ नका, बाहेर असाल तर अमुक ठिकाणी आडोशाला या. समुद्र क्वचितच पाहिलेल्या माणसांनी शेडमध्ये बसून हे यंत्र बनवायचं आणि त्याच्या भरवशावर कुणीतरी होडी हाकायची. त्यामुळे तपासणीत मी कुणाला सूट देत नसे. शेडमध्ये मला मागून काय म्हणत ते मला ठाऊक आहे, इथे लिहीत नाही.

तपासणीचं सांगते. लाटेची नक्कल करायला आम्ही जत्रेतल्या पाळण्यासारखं एक मोठं चक्र बनवलं होतं. त्यात बोया बसवून गोल फिरवायचा. नवीन माणूस आला की त्याला पहिल्यांदा त्या चक्रात स्वतः बसायची इच्छा होतेच. ते सोपं होतं. अवघड होती होकायंत्राची तपासणी, कारण होकायंत्राजवळ लोखंड नको, आणि चिखलीत लोखंड नाही अशी जागा शोधून दाखवा. पायाखाली लोखंडाचा कीस, डोक्यावर पत्रा, शेजारी भंगाराचे डोंगर. शेवटी आमच्या दशरथभाऊंनी इंद्रायणीच्या काठचा आपला शेताचा तुकडा दिला.

दशरथभाऊ आमचे वेल्डर, मूळ चिखलीचेच. गावची जमीन कारखान्यांत आणि सोसायट्यांत गेली, तरी तेवढा तुकडा त्यांनी राखला होता. त्यात ते मेथी लावायचे. मेथीच्या कडेला लाकडी टेबल मांडायचं, टेम्पो लांब उभा करायचा, खिशातल्या चाव्या आणि हातातली कडी काढून ठेवायची आणि टेबलावर बोया फिरवत त्याची दिशा तपासायची. पहिल्या दिवशी मी त्यांना पट्ट्याचं बक्कल काढायला लावलं, तर म्हणाले, "मॅडम, आता इजारच सोडायची ऱ्हायली बघा." तरी पट्टा काढला.

समुद्र कुणा एका राज्याचा नसतो. गुजरातपासून केरळपर्यंत प्रत्येकाचे बोये वेगळे, केंद्रं वेगळी. या सगळ्यांच्या पहिल्या बैठकीला मीही गेले होते. तिथे सकाळभर भांडण चाललं ते एवढ्यावरच, की लाटेची दिशा सांगताना ती कुठून आली ते सांगायचं की कुठे चालली ते. दोन गट पडले, दोन्ही शहाणे, आणि दोघांचे नकाशे एकमेकांच्या उलटे. जेवणानंतर "कुठून आली" यावर एकमत झालं. आणखी एक ठरलं, ते मला जास्त मोलाचं वाटतं. आपापले आकडे झाकून ठेवायचे नाहीत, रोज सगळ्यांनी सगळ्यांचे बघायचे आणि खटकलं तर सरळ फोन करायचा. तिथेच मला शैलजा भेटली. शेजारच्या राज्याच्या केंद्रात अंदाज बांधणारी, कारवारकडची. तिचं मराठी कोकणीच्या वळणाचं आणि स्वभाव माझ्यासारखाच किरकिरा, त्यामुळे आमचं लगेच जमलं.

या शेजारधर्माचा पहिला फायदा मात्र विनोदीच झाला. आमचा एक बोया साखळी तुटून वाहत गेला. शेजाऱ्यांनी त्याचा माग काढला, तर तो उत्तरेला एका कोळीवाड्यात, एका घराच्या अंगणात उभा. त्याच्या दांडीला दोरी बांधून कपडे वाळत घातलेले. घरधनीण म्हणाली, किनाऱ्याला बेवारस लागला, शेवाळ फार होतं, मी घासून काढलं. इतका लख्ख बोया आमच्या शेडमधूनही कधी बाहेर पडला नव्हता. पण तिने झाकण काढून आतूनही घासलं होतं, त्यात सगळे सेन्सर गेले होते. आम्ही हसून सोडून दिलं. दशरथभाऊ हसले नाहीत. "नजर लागली त्याला," एवढंच म्हणाले आणि कामाला लागले. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

त्याच्या जागी आम्ही नवा बोया बनवला. तो नेमका खंडेनवमीला रवाना व्हायचा होता. त्या दिवशी आमच्या भागात प्रत्येक लेथला, ड्रिलला, फोर्कलिफ्टला हार पडतो. आमच्या घरी पूजाअर्चा नाही, त्यामुळे पूजेच्या वेळी मी बाहेर टपरीवर चहा घ्यायची आणि पेढ्याला वेळेवर परत यायची. आले तेव्हा भोपळ्याला हळदकुंकू लागलं होतं, हार पडला होता आणि टेम्पो सुटायच्या बेतात होता. माझी सगळी तपासणी आदल्याच दिवशी, मेथीच्या कडेला, बिनचूक झाली होती.

आता चोगल्यांची ओळख करून देते. चोगले आमच्याकडे वायरिंगला. दापोलीकडच्या एका बंदरातले, मासेमारी करणाऱ्यांचं घर. धाकटा भाऊ महादेव एका नौकेवर तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख. आमचा नवा बोया समुद्रात बसला तो त्यांच्या गावासमोरच. चोगल्यांना त्याचा फार अभिमान. गावी फोन केला की आधी विचारायचे, "आमचा भोपळा दिसतो का रे?"

बोया बसून आठवडाही झाला नव्हता आणि समुद्र शांत, त्यामुळे त्याची दिशा अजून कुणी पारखली नव्हती. तोच, दिवाळीच्या तोंडावर, अरबी समुद्रात वादळ उठलं. केंद्रांनी आधीच इशारा दिला होता, बहुतेक होड्या परत वळल्या होत्या. महादेवची नौका मात्र फार लांब गेलेली. इंजिनाने त्रास दिला म्हणून ती मागे पडली आणि बंदर गाठण्याआधीच समुद्र खवळणार हे उघड झालं. वाटेत कुठेतरी आडोसा घ्यावाच लागणार होता. तिच्याबरोबर परराज्यातल्याही काही होड्या होत्या. वायरलेसवर महादेव एकच विचारत होता, "कुठं शिरू ते सांगा."

त्यांच्या गावाजवळ आडोशाच्या जागा दोन. एकीला उत्तरेकडून डोंगराची सोंड आलेली, दुसरीला दक्षिणेकडून. लाट वायव्येकडून येत असेल तर पहिली सुरक्षित, नैर्ऋत्येकडून येत असेल तर दुसरी. चुकीच्या जागी शिरायला गेलं तर तोंडावरच लाटा फुटतात आणि होडी उलटते. आमचा बोया सांगत होता, वायव्य. सगळ्या केंद्रांची मिळून निघणारी दुपारची सूचना त्या दिवशी शैलजाच्या केंद्रात तयार होत होती आणि तिच्यात पहिल्या जागेचं नाव होतं.

तेवढ्यात शैलजाचा फोन आला. "सुनंदाबाई, तुमचा बोया वायव्य सांगतोय. माझे सगळे नैर्ऋत्य सांगतात. गुजरातवाल्यांचाही नैर्ऋत्यच. मधल्या मधे तुमच्याकडेच लाट वळली ती कशी?"

"तिथला वारा वेगळा असेल," मी म्हटलं.

"असेल, म्हणून तर विचारते. आमच्या किनाऱ्याचं मी सांगू शकते, पण त्या गावासमोर बोया तुमचा एकटाच आहे. त्याची दिशा धरू की सोडू? सूचना मी थोडी थांबवून धरलीय, फार नाही थांबवता यायची."

सोडा म्हणणं सोपं होतं. पण बोया खरा असेल आणि मी तो सोडायला सांगितला तर? आणि खोटा असेल आणि मी अभिमानाने धरायला सांगितला तर? माझ्यासमोर चोगले फोन कानाला लावून उभे होते.  

मी पडद्यावर बोयाचे आकडे लावले. उंची शेजाऱ्यांशी जुळत होती. दोन लाटांमधलं अंतरही जुळत होतं. चुकत होती ती फक्त दिशा. म्हणजे होकायंत्र. पण ते तर शेतात बरोबर होतं, मी स्वतः तपासलं होतं. मग शेत सोडल्यापासून समुद्रात जाईपर्यंत त्याला काय झालं? मी शेडमध्ये सगळ्यांना मोठ्याने विचारलं, "तपासणीनंतर या बोयाचं झाकण कुणी उघडलं होतं?"

 सगळी मशिनं बंद झाली. मालक केबिनमधून बाहेर आले. मग दशरथभाऊंनी वेल्डिंगचा चष्मा काढला.

"मॅडम, म्या उघाडलं व्हतं. खंडेनवमीला."

"कशाला?"

"नाल ठिवली हाय आत. आमच्या चंद्रीची."

चंद्री ही त्यांच्या घरची घोडी. आमच्याकडे यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यती होतात, तेव्हा गाड्याच्या पुढे घोडी पळवतात. चंद्री पंचक्रोशीत नावाजलेली होती. ती गेल्याला बरीच वर्षं झाली, तरी तिचं नाव काढलं की दशरथभाऊंचा आवाज बदलतो.

"नाल लोखंडाची?" मी विचारलं. डोकं चालेनासं झालं की माणूस असलं काहीतरी विचारतो.

"मग काय सोन्याची आसती व्हय, मॅडम?" ते म्हणाले. "मागला भोपळा वाहून ग्येला. म्हनलं, ह्याला कायतरी राखन आसावी. चंद्री म्होरं आसताना आमचा गाडा कंदी उलाटला न्हाई. त्या होकायंत्राचं ध्यानातच आलं न्हाई बघा."

मला इतका राग आला की मी टेबलावरचा पाना उचलून परत ठेवला. बक्कल काढायला लावणारी मी, आणि आत अख्खी नाल! पण राग ओरडून काढायलाही वेळ नव्हता. चोगले पुढे आले.  ते एवढंच म्हणाले, "भाऊ, नक्की कुठं ठेवलीय ते दाखवा."

मालक हळूच मला म्हणाले, "मॅडम, हे बाहेर गेलं तर पुढचं काम गेलं समजा. आधी खात्री करा, मग बोला." घाबरले होते बिचारे, पण खात्रीचं म्हणणं बरोबर होतं. नाल आत आहे म्हणून दिशा चुकतेय, हे अजून आमच्या मनातच होतं.

नशीब असं, की चंद्रीची दुसरी नाल दशरथभाऊंच्या उंबऱ्याला ठोकलेली होती आणि घर गावठाणात, शेताच्या वाटेवर. ते मोटरसायकलवर पुढे गेले, आम्ही टेम्पोत शेडमधला दुसरा एक बोया घेऊन मागे. शेतात पोहोचलो तर ते नाल घेऊन उभे. उंबऱ्याचं लाकूडही थोडं सोबत आलं होतं. लाकडी टेबल मांडलं, टेम्पो लांब नेला. मी बोया सुरू केला. उत्तर जिथे असायला हवी तिथे होती. मग दशरथभाऊंनी झाकण उघडलं आणि समुद्रातल्या बोयात पहिली नाल जिथे ठेवली होती, नेमकी तिथेच ही ठेवली.

पडद्यावरची उत्तर सरकायला लागली. सरकत सरकत चांगली पाव फेरी फिरली आणि तिथेच बसली. नैर्ऋत्येचं वायव्य व्हायला एवढंच लागतं. नाल काढली, उत्तर जागेवर. ठेवली, परत पाव फेरी. चोगले माझ्या खांद्यावरून बघत होते. मी शैलजाला फोन लावला.

"दिशा सोडा. उंची धरा, ती खरी आहे. दिशा तुमच्या बोयांची घ्या."

"कारण काय लिहू?"

"आत लोखंड राहिलंय."

"कसलं लोखंड?"

मी मालकांकडे बघितलं. त्यांनी मान दुसरीकडे वळवली, पण नको म्हणाले नाहीत. "घोडीची नाल," मी सांगितलं.

 पलीकडून "देवा रे" असं ऐकू आलं आणि फोन बंद झाला. थोड्याच वेळात सूचना निघाली. दुसरी जागा, दक्षिणेच्या सोंडेआडची. चोगल्यांनी ती गावाला कळवली, गावाने वायरलेसवरून महादेवला कळवली. त्यानंतर वायरलेस बंद पडला.

आम्ही शेडमध्ये परत गेलोच नाही. मेथीच्या बांधावर बसून राहिलो, मी, चोगले, दशरथभाऊ आणि कधी नव्हे ते मालकही. नदीपलीकडे नव्या इमारतींच्या क्रेन हलत होत्या. दशरथभाऊ नाल हातात फिरवत होते.  माझ्या मनात सारखं येत होतं, की शैलजाने तो फोन केला नसता तर? आपलेच आकडे बरोबर म्हणून प्रत्येक जण गप्प बसला असता तर?

उन्हं कलली तेव्हा चोगल्यांचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला. मागे वाऱ्याचा घोंगावा, मधे महादेवचा आवाज. "दादा, शिरलो रे आत. सगळ्या होड्या आल्या. पलीकडच्या तोंडाशी बघवत नाय, नुसतं पांढरं उसळतंय."

 चोगल्यांनी फोन दशरथभाऊंच्या हातात दिला. भाऊंनी तो दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाले, "आलास न्हवं, भावा? बास. बास झालं." मी मेथीकडे तोंड करून मनसोक्त रडले. इतकं हलकं मला माझ्या लेकीच्या बाळंतपणानंतरच वाटलं होतं.

आमचं काम गेलं नाही. उलट आमचा बोया दुरुस्त होईपर्यंत शैलजाच्या केंद्राने आपला एक जादा बोया त्या जागी आणून बसवला. चेष्टा मात्र व्हायची ती झालीच. आजही कुठल्याही राज्याच्या बोयाची दिशा जरा चमत्कारिक आली, की सगळ्या केंद्रांच्या गटावर कुणीतरी घोड्याचं चित्र टाकतं.

आमचा बोया समुद्रातून उचलायला योगायोगाने महादेवचीच नौका मिळाली. टेम्पोबरोबर तो स्वतः चिखलीला आला. दशरथभाऊंनी त्याच्यासमोरच झाकण उघडलं. नाल जिथल्या तिथे होती, कपड्यात गुंडाळलेली, हळद लावलेली. भाऊंना मान वर करवेना. महादेवने ती हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं, "पळायची कशी ही?" दशरथभाऊंनी मान वर केली आणि सांगायला सुरुवात केली. जेवणाची सुट्टी संपली तरी चंद्री पळतच होती. मी कुणाला हटकलं नाही.

शेडमध्ये नियम एकच बदलला. पूजा आधी, तपासणी नंतर, आणि तपासणीनंतर झाकणाला माझं सील. पूजेला मी सगळ्यांच्या पुढे उभी राहू लागले. भक्तीने नव्हे, पहाऱ्याला. झाकण बंद करायच्या आधी दशरथभाऊ आपणहून माझ्यासमोर येत आणि दोन्ही हात वर करून म्हणत, "मॅडम, खिसं बघा." मीही बघायची. चाव्या, चुन्याची डबी, नातवाची गोटी.

वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. मेथीच्या त्या तुकड्यावर आता इमारतीचे लोखंडी खांब उभे आहेत. चिखलीत बिनलोखंडाची जागा उरली नाही. होकायंत्र तपासायला कंपनीला चाकणच्याही पुढे जावं लागतं.

माझ्या निवृत्तीच्या दिवशी एक बोया महादेवच्या गावासमोरच्याच जागेसाठी रवाना व्हायचा होता. तपासणी झाली, झाकण तेवढं लावायचं राहिलं होतं. दशरथभाऊ आले, हात वर केले. मी एका खिशात हात घातला, काही नाही. दुसऱ्यात घातला, तर झेंडूचं फूल.

"ह्ये बी न्हाई चालायचं का?" त्यांनी विचारलं.

मी ते फूल होकायंत्राजवळ धरलं. उत्तर जागची हलली नाही. तसंच आत ठेवलं, झाकण लावलं आणि वर माझं शेवटचं सील मारलं.